पंचवीस सेकंदांचा सराव, दोन तासांचं काम: जेमिनीच्या अवकाशचालीचं प्रकरण

५ जून १९६६. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या जेमिनी ९-ए या अमेरिकेच्या दोन माणसांच्या यानाच्या मागच्या टोकाशी, यानाबाहेर, युजीन सर्नन एका यंत्राशी झगडत होता. वय ३२, नौदलाचा वैमानिक, शरीराने धडधाकट. हेल्मेटची काच आतून धुक्याने भरली होती. हात आत जाणार नाही, म्हणून तो नाकाचा शेंडा काचेला घासून बाहेर बघण्यापुरतं भोक पाडत होता. हृदयाचे ठोके मिनिटाला १५५ च्या आसपास चालले होते, मध्येच १८० ला टेकत होते. आत बसलेला कमांडर टॉम स्टॅफर्ड त्याच्याशी बोलत होता, पण सर्नन त्याला दिसत नव्हता.

काम ऐकायला साधं होतं. यानाच्या मागच्या पोकळ भागात अमेरिकी हवाई दलाने बनवलेलं एक यंत्र घडी करून ठेवलेलं होतं. ते खुर्चीसारखं पाठीला लावायचं, त्याचे हात उलगडायचे, झडपा फिरवायच्या, जोडण्या करायच्या आणि मग लहान लहान झोतांच्या जोरावर मोकळ्या अवकाशात फिरून यायचं. त्या झोतांचा वायू इतका तापलेला की सूटच्या पायांवर धातूच्या तारांचं विणलेलं कापड चढवलं होतं.

यंत्रावर बसून फिरण्याची वेळ आलीच नाही. ते जोडता जोडताच सर्नन थकला. स्टॅफर्डने आणि त्याने मिळून काम थांबवलं, यंत्र तिथेच सोडलं आणि सर्नन जवळजवळ आंधळ्यासारखा चाचपडत दारापर्यंत परत आला. एकूण दोन तास आणि वर काही मिनिटं तो बाहेर होता. यंत्रात बिघाड नव्हता. माणूसही कच्चा नव्हता. कच्चा होता तो सराव, आणि ही गोष्ट कळायला आणखी दोन उड्डाणं खर्ची पडली. म्हणून मला हे प्रकरण मुळापासून मांडावंसं वाटतं.

सराव कशावर झाला होता

सर्ननच्या वर्षभर आधी, ३ जून १९६५ ला, एड व्हाइट जेमिनी ४ मधून बाहेर पडला होता. हातातल्या छोट्या गॅसच्या बंदुकीने स्वतःला ढकलत तो वीसएक मिनिटं आनंदाने तरंगला आणि नाइलाजाने आत आला. दार बंद करताना मात्र त्याची बरीच दमछाक झाली. पण लोकांच्या, आणि आखणी करणाऱ्यांच्याही, मनावर ठसलं ते तरंगणं. व्हाइटला बाहेर काही काम दिलेलंच नव्हतं, ही बाब मागे पडली. बोल्ट नाही, झडप नाही, जोडणी नाही. पोहणं आणि पाण्यात उभं राहून पंप दुरुस्त करणं यात जेवढा फरक, तेवढा फरक व्हाइटच्या आणि सर्ननच्या कामात होता.

वजनरहित अवस्थेचा सराव त्या काळी मुख्यतः विमानात होई. केसी-१३५ हे मोठं जेट विमान कमानीसारखी चढउतार करत उडे. कमानीच्या माथ्यावर पंचवीस-तीस सेकंद आतली माणसं खरोखर वजनरहित होत. मग विमान खाली झेप घेऊन सावरे, तेव्हा वजन दुप्पट होऊन सगळे जमिनीला चिकटत. पुन्हा चढण, पुन्हा पंचवीस सेकंद.

त्या पंचवीस सेकंदांत जे अनुभवाला येतं ते अस्सल असतं, त्यात नक्कल काहीच नाही. घोटाळा होता तो तुकड्यांचा. झडपेपर्यंत पोहोचायचं एका कमानीत, हात उलगडायचा दुसऱ्या कमानीत, जोडणी तिसऱ्या कमानीत. आणि दोन कमानींच्या मध्ये माणूस फरशीवर टेकून दम घेई, पाय रोवून पुढच्या पायरीसाठी तयार होई. प्रत्येक तुकडा जमला, म्हणून सगळं काम जमलं असं धरलं गेलं. दम लागणं, घाम साचणं, अंग भरून येणं या गोष्टी तुकड्यांच्या फटीत लपून राहिल्या. शंभर पावलांची चढण एकेक पाऊल वेगवेगळ्या दिवशी चढून बघितली, तर कोणाला धाप लागेल?

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. आपण पाना घेऊन बोल्ट आवळतो तेव्हा खरं काम हात आणि पाय मिळून करतात. हात पाना फिरवतो, पाय जमिनीला तेवढ्याच जोराने उलटं रेटतात. पायांचं हे काम आपल्या लक्षातही येत नाही. सर्ननच्या पायाखाली जमीन नव्हती. तो झडप उजवीकडे फिरवायला जाई आणि स्वतःच डावीकडे फिरे. पकडायला एखाददुसरा दांडा आणि पाय अडकवायला एक पट्टी होती, पण त्याने भागत नव्हतं. एका हाताने स्वतःला धरायचं, दुसऱ्या हाताने काम करायचं, पायांनी शरीर जागेवर ठेवायचं, आणि हे सगळं हवेने फुगलेल्या सूटमध्ये. दाब भरलेला सूट सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबसारखा असतो. कोपर वाकवायचं तर जोर लावा, वाकलेलं ठेवायचं तर जोर लावतच राहा. सोडलं की हात पुन्हा सरळ.

या झटापटीतून जो घाम आणि जी उष्णता निर्माण झाली ती छातीवरच्या पेटीला झेपली नाही. ही पेटी सूटमध्ये ऑक्सिजन खेळवून अंग गार ठेवण्यासाठी होती. तिचा हिशोब बऱ्याच कमी मेहनतीवर बेतलेला होता. उरलेली वाफ काचेवर जाऊन बसली. काचेवरचं धुकं ही शेवटची कडी होती, पण दिसली तीच आधी.

धुकं पुसलं, कारण राहिलं

पुढच्या उड्डाणांसाठी काचेला आतून धुकं न धरणारा लेप लावायचं ठरलं. ते योग्यच होतं. पण तापाला गोळी देऊन माणूस बरा झाला असं समजावं, तसं काहीसं झालं.

जुलै १९६६ मध्ये जेमिनी १० मधून मायकेल कॉलिन्स बाहेर पडला. त्याला आधीच्या मोहिमेतल्या अजेना या निकामी रॉकेटवर जाऊन तिथे बसवलेली सूक्ष्म उल्कांची पेटी आणायची होती. अजेनाच्या गुळगुळीत कडेवर धरायला काही नव्हतं. पहिल्या खेपेला तो घसरून दूर गेला. दुसऱ्यांदा गॅसच्या बंदुकीने पोहोचून, हाताला लागलेल्या तारांच्या जुडग्याला धरून त्याने पेटी काढली. या धडपडीत कॅमेरा मात्र गमावला. परत आल्यावर त्याचं म्हणणं स्पष्ट होतं, धरायला जागा हव्यात.

सप्टेंबरमध्ये जेमिनी ११. रिचर्ड गॉर्डन, कमांडर पीट कॉनरॅड. यान त्या मोहिमेसाठी सोडलेल्या अजेनाला जोडलेलं होतं. गॉर्डनने बाहेर जाऊन अजेनावरच्या ३० मीटर लांब दोराचं टोक यानाच्या नाकावरच्या दांड्याला अडकवायचं होतं. विमानातल्या सरावात हे अगदी किरकोळ काम वाटलं होतं. प्रत्यक्षात गॉर्डन यानाच्या नाकावर घोड्यावर बसावं तसा बसला. दोन्ही मांड्यांनी पकड घ्यायला गेला, तर सूट पाय मिटू देईना. दोर कसाबसा अडकला, पण तोवर घाम उजव्या डोळ्यात जाऊन त्या डोळ्याने दिसेनासं झालं. सूटमध्ये घाम टपकत नाही, जिथे असतो तिथे थर धरून बसतो, आणि डोळा पुसायला हात नाही. कॉनरॅड खिडकीतून हे सगळं बघत होता. जवळपास दोन तासांचा बेत होता, गॉर्डन तेहतीस मिनिटांत आत आला. बाकीची कामं राहिली.

आता उरलं होतं एकच जेमिनी उड्डाण. त्यानंतर अपोलो, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या मोहिमा. चंद्राभोवती दोन यानं जोडता आली आणि मधला बोगदा उघडला नाही, तर अंतराळवीरांना बाहेरून जावं लागणार होतं. बाहेर काम करता येतं की नाही, हा प्रश्न खुला ठेवून पुढे जाणं शक्यच नव्हतं.

शाळेचा तलाव

उत्तर नासाच्या ह्यूस्टनच्या केंद्रात किंवा केप केनेडीच्या उड्डाणतळावर सापडलं नाही. ते मेरिलँडमध्ये, बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनो या शाळेच्या पोहण्याच्या तलावात आधीच तयार होत होतं. सॅम मॅटिंग्ली आणि हॅरी लोट्स यांची एनव्हायर्नमेंटल रिसर्च असोसिएट्स नावाची लहानशी कंपनी होती. नासाच्या लँग्ली केंद्रासाठी ती १९६४ पासून एक प्रश्न तपासत होती. सूट घातलेल्या माणसाला पाण्यात अशा रीतीने तोललं की तो वर येणार नाही आणि खालीही जाणार नाही, तर अवकाशातल्या कामाचा अंदाज येईल का?

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधतात, तो माणसाला वर उचलतो. इथे उलटं काम. हवा भरलेला सूट बुचासारखा वर धावतो, म्हणून शिशाची वजनं लावावी लागतात. ती नुसती पुरेशी असून चालत नाही. छातीला, कमरेला, पायांना अशी वाटून लावावी लागतात की पाणबुड्याने हात सोडल्यावर माणूस आडवा, उभा, उलटा, ज्या स्थितीत ठेवला त्याच स्थितीत राहील, आपोआप फिरणार नाही. हे तोलणं हीच त्यातली खरी कारागिरी. ते जमलं की मग पंचवीस सेकंदांचं बंधन नाही. दोन तासांचं काम दोन तास करून बघता येतं.

या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रसंग इथे येतो. उड्डाणानंतर त्याच उन्हाळ्यात सर्नन त्या तलावात उतरला. यानाच्या मागच्या भागाची प्रतिकृती पाण्यात ठेवली होती. आपण जिथे हरलो तेच काम, त्याच क्रमाने, त्याने पुन्हा केलं. पाण्यातली ओढाताण अवकाशातल्या ओढाताणीशी जुळते का, हे सांगू शकणारा जगात तो एकच माणूस होता, कारण त्या जागी तो एकटाच जाऊन आला होता. त्याचा कौल पडला की जुळते.

लोकांत ही कथा सांगितली जाते ती जेमिनी १२ या शेवटच्या उड्डाणात बाहेर पडलेल्या बझ ऑल्ड्रिनच्या हुशारीची म्हणून. ऑल्ड्रिन हुशार होता यात वाद नाही. पण तलावावर विश्वास टाकता आला तो सर्ननमुळे. स्वतःच्या अपयशाची उजळणी साक्षीदारांसमोर करायला आणि ते मोजू द्यायला जो मोकळेपणा लागतो, तो वैमानिकांच्या त्या जगात फार दुर्मिळ असणार. सर्ननने तो दाखवला, आणि जेमिनी १२ साठी ऑल्ड्रिनचा राखीव जोडीदार म्हणूनही तोच नेमला गेला.

ऑल्ड्रिनची तयारी

ऑल्ड्रिन या उड्डाणावर आला तोही एका अपघाताच्या सावलीतून. जेमिनी ९ चे मूळ अंतराळवीर इलियट सी आणि चार्ल्स बॅसेट २८ फेब्रुवारी १९६६ ला सेंट लुइस इथे विमान कोसळून गेले. राखीव जोडी स्टॅफर्ड-सर्नन पुढे सरकली, त्यांच्या मागे जिम लॉव्हेल आणि ऑल्ड्रिन आले, आणि त्या क्रमाने जेमिनी १२ त्यांच्या वाट्याला आलं.

सप्टेंबरअखेर नासाने एक कडू निर्णय घेतला. पाठीवरचं उडतं यंत्र जेमिनी १२ मधून काढून टाकलं. सर्ननचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायची संधी ऑल्ड्रिनच्या हातून गेली, आणि ती त्याला हवी होती. तरीही निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. यंत्र चालवायचं की नाही हा पुढचा प्रश्न होता. माणूस बाहेर दोन हात मोकळे ठेवून उभा राहू शकतो का, हे आधी ठरायचं होतं. म्हणून नव्या उड्डाणाचा हेतूच बदलला आणि बाहेर जाऊन मुद्दाम साधी, कारखान्यातली कामं करायची असं ठरलं.

त्यासाठी दोन कामाच्या जागा बांधल्या, एक यानाच्या मागच्या भागात आणि एक अजेनाच्या जोडाजवळ. त्यांवर बोल्ट, विजेच्या जोडण्या, हूक, कापायच्या तारा, ओढून काढायच्या वेल्क्रोच्या पट्ट्या. सगळी खेळण्यातल्यासारखी कामं, पण प्रत्येकाला लागणारा जोर वेगळा.

आणि मुख्य बदल, धरायच्या आणि अडकवायच्या जागा. यानाच्या दारापासून अजेनापर्यंत लावता येणारा कठडा आला, जागोजागी मुठी आल्या. मागच्या भागात पाय घट्ट बसतील असे बुटांचे साचे आले. सोनेरी रंगामुळे त्यांना ‘सोनेरी सपाता’ असं नाव पडलं. कमरेला दोन आखूड पट्टे आले, ज्यांची टोकं समोरच्या कड्यांत अडकवायची. विजेच्या खांबावर चढलेला वायरमन बघा. तो कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकतो, मागे रेलतो, पट्टा ताणला की पाय आणि पट्टा मिळून त्याला धरतात आणि दोन्ही हात कामाला मोकळे होतात. ऑल्ड्रिनच्या पट्ट्यांचं काम तेच. पाना फिरवताना जो उलटा रेटा येई, तो आता पट्ट्यांतून यानात जिरत होता.

उड्डाणाआधीच्या आठवड्यांत ऑल्ड्रिन पुन्हा पुन्हा त्या तलावात उतरला. पाण्याखाली पोहण्याची त्याला आधीपासून आवड होती, त्याचा उपयोग झाला. मुख्य म्हणजे काम अखंड, घड्याळ लावून करून बघितलं गेलं. कुठे दम लागतो, कुठे थांबायला हवं, हे पाण्यात कळलं आणि त्यावरून वेळापत्रक आखलं. कामाच्या टप्प्यांमध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती घातली. लढाऊ वैमानिकांना कामाच्या मध्ये सक्तीची विश्रांती लिहून देणं सोपं नव्हतं, पण ती लिहिली गेली.

तोच दोर, दुसरा माणूस

जेमिनी १२ चं उड्डाण झालं ११ नोव्हेंबर १९६६ ला. ऑल्ड्रिन तीनदा बाहेर आला. दोनदा उघड्या दारात उभा राहून आणि एकदा, १३ नोव्हेंबरला, पूर्ण बाहेर, ऑक्सिजनच्या नाळेवर. तिन्ही मिळून साडेपाच तास.

पहिल्या दिवशी त्याने फक्त दारात उभं राहून सवय करून घेतली, फोटो काढले, कठडा बसवला. दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून तो यानाच्या नाकापर्यंत गेला, कमरेचे पट्टे अडकवले आणि अजेनाच्या दोराचं टोक यानाच्या दांड्याला लावलं. दोन महिन्यांपूर्वी ज्याने गॉर्डनला थकवलं, जवळजवळ तेच काम, तेवढ्याच लांबीचा दोर. या वेळी ते शांतपणे पार पडलं.

प्रकरण अभ्यासाला याहून स्वच्छ तुलना मिळणं कठीण. सूटचा प्रकार तोच, छातीवरची पेटी तीच, गारवा देण्याची पद्धतही तीच. बदलले होते पट्टे, मुठी, कामाचा वेग आणि सरावाची जागा. ऑल्ड्रिन गॉर्डनपेक्षा ताकदवान होता असं कोणी म्हणणार नाही.

मग तो मागच्या भागात गेला, जिथे सर्नन अडकला होता. सोनेरी सपातांत पाय घातले आणि मागे झुकून, बाजूला वळून बघितलं. बोल्ट सोडले, आवळले, तारा कापल्या, जोडण्या लावल्या, काढल्या. परत येताना लॉव्हेलची खिडकी पुसली. ठरलेल्या विश्रांत्या त्याने घेतल्या. काचेवर धुकं आलं नाही, कारण धुकं यायला जो घाम लागतो तोच फार आला नाही.

तलावात जे कळत नाही

तलावाची स्तुती करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पाणी अंगाला अडवतं. तलावात ढकलणं थांबवलं की माणूस थांबतो, अवकाशात सुटलेला माणूस जातच राहतो. त्यामुळे सरकण्याचा सराव पाण्यात फसवा ठरू शकतो. दुसरं, तोललेला असतो तो सूट, आतला माणूस नव्हे. उलटं केलं की रक्त डोक्यात उतरतं आणि सगळा भार खांद्यांवर येतो. म्हणून विमान बाद झालं नाही. थोड्या वेळात होणाऱ्या, खऱ्या वजनरहित अवस्थेतच कळणाऱ्या गोष्टींसाठी ते राहिलं. कोणतं साधन कोणत्या प्रश्नाला उत्तर देतं, हे तेवढं नीट वेगळं झालं. गारव्याचा प्रश्न तर तलावाने सुटणारा नव्हताच. त्यासाठी अपोलोच्या सूटमध्ये अंगालगत बारीक नळ्यांतून पाणी फिरवणारा पोशाख आला.

पुढे तलाव मोठे होत गेले. ह्यूस्टनचा आजचा तलाव ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. नऊ अवकाशचाली करणाऱ्या सुनीता विल्यम्ससह आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर काम केलेली नासाची पिढी याच पाण्यात घडली. पण तलावाची खरी परीक्षा त्याआधीच, १९७३ मध्ये झाली. मे महिन्यात स्कायलॅब हे स्थानक वर गेलं तेव्हा त्याचा एक सौर पंख तुटून गेला आणि दुसरा धातूच्या एका पट्टीत अडकून अर्धवट उघडला. वीज पुरेना. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या तलावात रस्टी श्वाइकार्ट या अंतराळवीराने लांब दांड्याची कात्री घेऊन, पाण्यात ठेवलेल्या प्रतिकृतीवर, पट्टी कापायची रीत बसवली. ती पायरी पायरीने वर कळवण्यात आली.

७ जून १९७३ ला जोसेफ केर्विन आणि त्याचा कमांडर बाहेर आले. केर्विन दांडा पट्टीपर्यंत नेई, पण पाय टेकायला जागा नसल्याने कात्रीचं तोंड स्थिर राहीना. प्रत्येक हालचालीबरोबर तोच फिरत होता. मग त्याला स्थानकाच्या अंगावर एक कडं दिसलं. त्याने आपला दोर आखूड करून त्या कड्यात अडकवला, पाय स्थानकाला रेटले, दोर ताणला गेला आणि तो जागेवर थांबला. कात्री बसली. पट्टी कापली, दोघांनी मिळून दोर खेचला आणि पंख इतक्या झटक्याने सुटला की दोघेही बाहेर फेकले गेले. कमरेच्या दोरांनी त्यांना धरून ठेवलं. त्यातला कमांडर होता पीट कॉनरॅड, ज्याने सात वर्षांपूर्वी जेमिनी ११ च्या खिडकीतून गॉर्डनला यानाच्या नाकावर मांड्यांनी पकड घ्यायचा प्रयत्न करताना पाहिलं होतं.